न कलंडणारं गाडगं

वसईत विजेचे पंप यायच्या कितीतरी आधी, चर्चमागच्या तळ्यावर एक रहाट होता. सावळ्या बैल गोल फिरायचा आणि माळेतली गाडगी खिदळत खाली जायची, भरून वर यायची, वाडीच्या पाटात ओतायची.

एकदा ठेंगू नावाचं गाडगं वर येऊन कलंडलंच नाही. “माझ्या पोटातलं माझं,” ते म्हणालं. बाकीच्यांनाही ते पटलं. मग काय, भरलेली वर, भरलेलीच खाली. दोन्हीकडचं वजन सारखं होऊन रहाट इतका हलका झाला की सावळ्या चौखूर उधळला आणि गाडगी भोवळ येईस्तोवर हसली.

पण वाडीतल्या केळींनी माना टाकल्या, गवत वाळलं आणि उपाशी सावळ्या मटकन खाली बसला.

“ओतायलाच हवं, असा कायदा लिहिलाय कुठे?” ठेंगू फणकारलं.

“तुझ्या तोंडावर,” सावळ्या म्हणाला. “फादर सांगतात ना, घडवणारा ‘कशासाठी’ ते घडवतानाच लिहून ठेवतो. साठवायचंच असतं तर कुंभाराने तुला झाकण दिलं असतं.”

सावळ्याने कशीबशी एक फेरी ओढली, तसं ठेंगू पाटात कलंडलं. मग रिकामं होऊन तळ्यात शिरलं, तर पोटात बुडबुड गुदगुल्या.

“अरेच्चा,” ते खिदळलं, “भरल्या पोटी ही मजा कुठे होती?”