पहिल्या हाकेचा मान

संगणकांची पोटं अजून घरघरायची, त्या काळातली ही गोष्ट. एका वाचनालयाच्या संगणकात बायोस नावाचा जुना देवडीवाला होता. बटण दाबलं की सगळ्यांत आधी तो जागा व्हायचा आणि हार्ड डिस्कला हाक मारायचा, "दादा, उठा." दादा घरघरत फिरू लागले की संगणक सुरू व्हायचा. गावातल्या जुन्या पोथ्यांची छायाचित्रंही दादांच्याच पोटात होती.

एके दिवशी शेजारी एसएसडी नावाची नवी डिस्क राहायला आली. तिला फिरावं लागत नसे, ती चटकन उठे. दादांचं रोजचं कामही ती शिकून आली होती.

"बायोसकाका, पहिली हाक मला मारा," ती म्हणाली. "दादांना दम लागतो. त्यांनी नुसत्या पोथ्या सांभाळाव्यात."

"थोरले असताना काल आलेल्या पोरीला पहिला मान?" बायोस कडाडला. "माझ्या हाकांच्या यादीत ते व्हायचं नाही!"

"अरे, मला मान नको, विसावा हवाय," दादा हळूच म्हणाले. बायोसला तो त्यांचा मोठेपणा वाटला. यादी तशीच राहिली.

एका सकाळी हाकेला ओ देता देता दादा कटकट वाजले आणि थांबले, ते कायमचे. पोथ्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

आता सगळं एसएसडीच चालवते. तरी ग्रंथपाल कुमुदिनीबाई रोज कुरकुरतात, "नवी डिस्क बसवली, मग हा सुरुवातीला अडतो कशाला?"

बायोस अजूनही पहिली हाक दादांनाच मारतो. थोडा वेळ वाट पाहतो. मग खालच्या आवाजात एसएसडीला म्हणतो, "ऊठ बाळ."