ठकूबाईचा तरवड

सगळ्या गावाला एकच विहीर होती, तेव्हाची म्हणजे फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कातरखडीत देवीच्या गुरवाकडे ठकूबाई सून म्हणून आली. येताना तिनं पदराच्या गाठीत तरवडाचं बी आणलं होतं. टणक साल झिजावी म्हणून ते तिनं उंबऱ्याच्या दगडावर घासलं आणि अंगणात पेरलं.

सासरा चिडला. "सूनबाई, हे अंगण आहे की माळरान? शेळीसुद्धा तोंड लावत नाही त्याला!"

"म्हणूनच लावलंय, मामंजी."

पहिलं वर्षभर तिनं झुडपाला भांडी विसळलेलं पाणी घातलं. दुसऱ्या वर्षी तेही बंद केलं. म्हणाली, "आता तुझं तू बघ." झुडपानं बघितलं. असं म्हणतात, त्याचं मूळ विहिरीच्याही खाली गेलं.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. नवरात्र तोंडावर आलं आणि विहीर दिवसाला जेमतेम सात घागरी देऊ लागली. गावातल्या जाणत्यांनी, म्हणजे वयानं जाणत्यांनी, त्यातल्या पाच घागरी देवीच्या झेंडूला घालायच्या असं ठरवलं. घटावर रोज ताजी माळ चढलीच पाहिजे. लेकरांनी खुशाल ओठ चाटत बसावं!

ठकूबाई भर देवळात उभी राहिली. "माळ माझ्या तरवडाची घाला. पाणी लेकरांना द्या."

"आणि एखादी माळ चुकली तर?" सासऱ्यानं विचारलं.

"तर मी गाव सोडते."

झेंडू वाळला. लेकरं पोटभर पाणी प्यायली. तरवडाच्या पिवळ्या फुलांच्या आठ माळा झाल्या. पण आठव्या संध्याकाळी झुडपावर एकही कळी उरली नाही. सासऱ्यानं स्वतःच तिचं गाठोडं बांधून दारात ठेवलं. ठकूबाई अंगण झाडून निवांत झोपली.

असं म्हणतात, नवव्या दिवशी सूर्याआधी अंगण उजळलं. झुडूप इतकं फुललं, की कोरड्या नदीपलीकडच्या गावाला वाटलं, कातरखडीला आग लागली. माणसं भरलेल्या घागरी घेऊन धावत आली. आग कुठेच नव्हती, पण पाणी आलं होतं! गाव हसत हसत प्यायलं. सासऱ्यानं नववी माळ घटावर चढवली, आणि घरी येऊन स्वतःच तिचं गाठोडं सोडलं.

आजही कातरखडीत नवी सून आली, की ती त्याच उंबऱ्यावर तरवडाचं बी घासते आणि आपल्या अंगणात पेरते. घासून घासून त्या दगडाला तळहाताएवढा खळगा पडलाय. नवरात्रात विहिरीची पहिली घागर लेकरांची, दुसरी देवीची. म्हातारी मंडळी शेवटी. ती कुरकुरतात. मग एखादी सून ठकूबाईच्या उंबऱ्याकडे बोट दाखवते आणि मंडळी आपल्या घागरीची वाट बघतात.