मळ की मळई

नदी जिथे कमरेत वाकून वळते ना, तिथल्या काठाच्या बिळात एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. वर उंबर आणि करंज, त्यांच्या खाली निर्गुडीची आणि वाळुंजाची दाटी, आणि पाण्याला टेकून लव्हाळा. सगळ्यांचा पालापाचोळा तिथेच पडे, कुजे, पुराचा गाळ त्यात अडके. म्हणून बिळाची माती काळीभोर, ओलसर आणि मुळांनी गच्च विणलेली होती. पाणमांजरी मनाने चांगली. फक्त कोण काय म्हणेल, याचा तिला भारी घोर.

एकदा एक बगळा तिच्या दारात आला आणि एक पाय वर घेऊन उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण तुमच्याकडे दुसरा पाय टेकवत नाही. केवढा हा काळा मळ." पाणमांजरी ओशाळली. "झाडंच एवढी आहेत भावजी, मी तरी काय करू?" "उंबर-करंज राहू द्या, शोभा आहे. खालचं गचपण तेवढं काढा." तिने लगेच घुशींना बोलावलं आणि मुळं कुरतडायला लावली.

शेजारच्या बिळातला म्हातारा खेकडा बाहेर आला. "पोरी, हा मळ नव्हे, ही मळई, गाळाची कसदार माती. झाडं वाऱ्यातून जे ओढून घेतात ते साठवतात. उंबर खोडात साठवतो, लव्हाळा मुळांत साठवतो, आणि सगळ्यांची पानं या चिखलात येऊन साठतात. एकट्या उंबराच्या जिवावर काठ उभा नाही." मुलांनो, लाकूड अर्धवट जळलं की काळा कोळसा उरतो ना, त्यातला कर्ब झाडांनी हवेतूनच घेतलेला असतो, आणि तोच या काळ्या मातीतही साठतो. पण पाणमांजरी म्हणाली, "आजोबा, तुमचं बरं आहे. तुमच्याकडे पाहुणे कुठे येतात?" खेकडा आत गेला.

काठ उघडा झाला. चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याने कौतुक केलं. मग उन्हाने माती तापली. काळीची तांबूस झाली, तांबूसची राखेसारखी. झाडांनी वर्षानुवर्षं साठवलेलं होतं, ते हळूहळू परत वाऱ्यावर गेलं. मातीला भेगा पडल्या. श्रावणात नदी चढली तेव्हा पाणी अडवायला लव्हाळा नव्हता, माती धरायला मुळं नव्हती. भर दुपारी बिळाचं छत ढेकळाढेकळांनी खाली आलं आणि धाकटं पिल्लू त्याखाली गाडलं गेलं. पाणमांजरीने नखं तुटेपर्यंत उकरलं, तेव्हा कुठे त्याची शेपटी हाताला लागली. पिल्लू जगलं. घर मात्र गेलं, आणि मागोमाग उंबरही आडवा झाला.

पुराबाहेरच्या खडकावर बगळा उभाच होता. ती म्हणाली, "भावजी, तुमच्या सांगण्यावरून केलं हो मी." बगळा मान वळवून म्हणाला, "मी कुठे बिळात राहतो, वहिनी? दिसलं ते बोललो." पाणमांजरीने पिल्लाच्या नाकातला चिखल चाटून काढला. मग दोघांना पुढे घालून ती पलीकडच्या वळणावरच्या दाट झुडपांत शिरली.

तात्पर्य : ज्याला आपल्या घरात राहायचं नाही, त्याच्या नजरेने आपलं घर झाडू नये; त्याला जो मळ दिसतो, त्यावरच आपलं छत उभं असतं.