मोरीपलीकडचं गवत

दुभत्या म्हशीच्या गव्हाणीत ज्वारीचा वाळका कडबा पडता कामा नये, आणि का ते विचारायचं नाही. डोंगरपायथ्याच्या गवळ्यांच्या एका वस्तीत फार पूर्वीपासून हा नियम होता. दुभतीला नुसती पेंड, भाकडीला कडबा. दूध कमी झालं की पेंड वाढवायची. आणखी कमी झालं की आणखी वाढवायची.

त्या वस्तीत शेवंती नावाची मुलगी होती. तालुक्याला कॉलेज करून परत आलेली. तिच्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिचं नाव चंद्री. चंद्री व्याली आणि महिन्याभरात खंगायला लागली. बरगड्या दिसू लागल्या, दूध आटलं. पारडू रिकाम्या सडांना ढुशा देऊन देऊन ओरडायचं.

"पेंड वाढव," आबा म्हणाले. आबा म्हणजे तिचे आजोबा, वस्तीचे कारभारी.

शेवंतीने वाढवली. चंद्री जास्तच खंगली. गेल्या साली शेजारच्या तात्यांची म्हैस अशीच गेली होती, पेंडीचं घमेलं तोंडापुढे असताना. येता-जाता शेवंती चंद्रीच्या जबड्याकडे बघायची. खाऊन बसली तरी जबडा हलत नव्हता. रवंथ जवळजवळ थांबला होता. पण उठली की चाऱ्याला हपापल्यासारखी ती दाव्याचा दोर चघळायची, छपराचा पेंढा ओढायची.

एके सकाळी गोठा झाडताना शेवंतीचे डोळे चुरचुरले. मुताचा वास इतका उग्र, की तिला ठसका लागला. भाकड म्हशींच्या गोठ्यात असा वास कधी आला नव्हता. गोठ्यातलं मूत वाहून नेणाऱ्या मोरीच्या कडेने ती मागे गेली. मोरीचं पाणी जिथे पसरत होतं, त्याच्या पलीकडे गवत कमरेएवढं माजलं होतं, गडद हिरवं.

पेंड चंद्री खात होती आणि बाळसं गवताला येत होतं!

मग तिला कॉलेजात शिकलेलं आठवलं. पेंडीतला नत्र म्हशीच्या पोटातले जंतू वापरतात, तेव्हा तो तिच्या अंगी लागतो. पण जंतूंनाही काम करायला बळ हवं, आणि ते चाऱ्यातून, धान्यातून मिळतं. बळ नसेल, तर नत्र मुतावाटे वाहून जातो.

त्या दिवसापासून तिने पेंड निम्म्यावर आणली. कडब्याची कुट्टी आणि ज्वारीचा भरडा त्यात कालवून ती थोडं थोडं घालू लागली. तीन दिवस काहीच फरक पडला नाही. आपलं चुकलं तर चंद्री जाईल, मागोमाग पारडू जाईल, या धास्तीने ती रात्रीही उठून गोठ्यात जायची.

आठव्या दिवशी कुणीतरी गव्हाणीत कडबा पाहिला. आबा पेंडीचं घमेलं घेऊन आले, मागे तात्या आणि वस्तीतली चार जाणती माणसं.

"दुभतीला कडबा? चार बुकं वाचली की म्हशी कळतात होय गं?" तात्या गरजले.

"तुमची म्हैस कशाने गेली, तात्या?"

"नशीब आमचं!"

"नशिबाने गोठ्यात डोळे चुरचुरत नाहीत. जरा नाक उघडं ठेवून तुमच्या मोरीपाशी उभे राहा. आणि आबा, पलीकडचं गवत बघा. इतकी वर्षं तुम्ही त्यालाच पेंड चारताय."

"बाजूला हो, शेवंते. नियम आहे."

"कुणी केला? कशासाठी केला?"

"विचारायचं नसतं."

"मग मी पाळायचीही नाही." तिने गव्हाणीवर दोन्ही हात रोवले. "हे घमेलं माझ्या म्हशीपुढे येणार नाही."

तात्यांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला. कचर, कचर, कचर. चंद्री डोळे अर्धे मिटून संथपणे रवंथ करत होती. तिच्या पोटाशी पारडू उभं होतं, तोंडाला दुधाचा फेस लागलेला.

आबांनी घमेलं खाली ठेवलं.

तात्पर्य: घातलेलं अंगी लागतं की वाहून जातं, हे जो बघत नाही, तो भरल्या घमेल्यानेही उपाशी मारतो.