तोंड नसलेली जखीण

टक् टक् असा आवाज, मग थोडं थांबणं, पुन्हा टक्. फणसाच्या लाकडावर पटाशी चालली की असा आवाज येतो. लहानपणी मी तो ऐकलाय. आता ठसे कोरणारं कोणी उरलं नाही, जुन्याच ठशावरून कागद निघतात. तुम्ही विचारलंत ना, कुडावड्यात दारोदार हे जखिणीचं चित्र आहे, केस आहेत, उलटे पाय आहेत, मग तोंडाच्या जागी कोरा कागद का?

सांगतात ते असं. साबाजी चितारी भुतांचे ठसे कोरायचा. वेताळ, मुंजा, गिऱ्हा. भुताला दारावर स्वतःचं तोंड दिसलं की ते माघारी जातं, असा समज. म्हणून तोंड हुबेहूब हवं. साबाजी म्हणायचा, "मी बघितल्याशिवाय कोरत नाही." या एका वाक्यावर त्याला सगळीकडे मान होता.

त्याने कधी काही बघितलं नव्हतं. गावातल्याच माणसांची तोंडं घ्यायचा आणि ओळखू येऊ नयेत इतकी बदलायचा. वेताळाच्या मिशा खोताच्या होत्या, म्हणे.

एका वर्षी पटकीची साथ आली. मुलं जाऊ लागली. गाव म्हणाला, ही जखीण आहे, तिचं तोंड लवकर कोर. साबाजीच्या घरी त्याची विधवा बहीण आवडा असायची. तीच त्याला शाई खलून द्यायची. समोर बसलेली, म्हणून त्याने तिचंच तोंड घेतलं. तिच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता. ओळख बुजावी म्हणून त्याने लाकडावर तो उजव्या गालावर कोरला. ठसा कागदावर उलटा उमटतो. जन्म त्यात गेलेला माणूस, घाईत तेवढंच विसरला.

कागद दारोदार लागले आणि माणसं त्याच्या अंगणात जमली. खोत म्हणाला, "काय गो आवडा, घरोघरी तूच बसलीस की!" कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं. जिचं मूल गेलं होतं ती बाई पुढे आली. "साबादादा, तू बघितल्याशिवाय कोरत नाहीस ना? मग हिला कुठे बघितलंस, तेवढं सांग."

आवडा भावाकडे बघत राहिली. मी कधीच काही बघितलं नाही, एवढंच त्याने बोलायचं होतं.

साबाजी म्हणाला, "मी बघितल्याशिवाय कोरत नाही."

आवडाने शाईचा खल खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि खाडीच्या वाटेने गेली. ती पुन्हा कोणाला दिसली नाही. साथ काही थांबली नाही. साबाजीने ठशावरचं तोंड पटाशीने खणून काढलं आणि त्यानंतर लाकडाला हात लावला नाही, म्हणे.

आजही आषाढातल्या अवसेला पहिला कागद गावच्या माहेरवाशिणीला देतात, त्या दिवशी ती आवडाच्या जागी. तिच्या भावाने समोर उभं राहून तिला बोलायची विनवणी करायची, अशी रीत आहे. यंदा माझी बहीण इंदी आली होती, गुडघे धरत. कोऱ्या जागेवरून तिने बोट फिरवलं. मी म्हटलं, "काहीतरी बोल गो, बाय."

तिने कागदाची घडी केली आणि खाडीच्या वाटेने चालू लागली.