तिसऱ्या कुंडाचं पाणी

अहो ताई, ती बाटली आत ठेवा आणि चपला त्या दगडापाशी काढा. इथं ओरडायला पुजारी नसतो, म्हणून मलाच ओरडावं लागतं. हां, आता बघा. वर ही काळकाई देवीची राई, तिच्या पायथ्याशी झरा, आणि झऱ्याखाली एकाखाली एक अशी तीन दगडी कुंडं. पहिल्यातलं प्यायचं, दुसरं धुण्याचं, तिसरं गुरांचं. आमच्या उंबरखोंडात निवडून आलेला सरपंच तालुक्याला कागदोपत्री सरपंच होतो. गावात मात्र खुर्चीवर बसण्याआधी त्याला या तिसऱ्या कुंडातलं करवंटीभर पाणी सगळ्यांदेखत प्यावं लागतं. पाजते त्याची आई. आई नसेल तर घरातली वडीलधारी बाई. आणि पुढे दरवर्षी, मृगाच्या आधी, पुन्हा प्यायचं.

हसू नका हो. तुम्हाला गंमत वाटते, पण हा एका बाईचा सूड आहे.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तेव्हा कारभार गावकीच्या पंचांकडे असायचा. पंचांत मुख्य तो गावकर, आणि त्याला बसायला मानाचा पाट. गावकीचा नियम होता, राईतली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला कुणी चूल मांडायची नाही. तो राखायचा कुणी? गावकरानं. मोडला कुणी? त्यानंच! भानजी त्याचं नाव. त्याला माडीचं घर बांधायची हौस आली आणि त्यानं वरची अर्धी राई कोळशाच्या मक्तेदाराला देऊन टाकली. मेल्याच्या परसात स्वतःची विहीर होती, त्याला झऱ्याचं काय पडलंय! बाकीचे पंच मुंड्या खाली घालून बसले.

थंडीत झाडं पडली. झऱ्याच्या डोक्यावर भट्ट्या लागल्या, भट्टीवाल्यांची खोपटी उठली. ती बिचारी पोटासाठी आलेली माणसं, कुठं बसू नये हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वैशाखात पहिलं कुंड आटलं, मग दुसरं. असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. उरलं हे तिसरं, आणि त्यात वळवाच्या एका सरीनं वरची सगळी राख आणि घाण आणून ओतली.

देवीची पूजा तेव्हा येसा गुरविणीकडे होती. नवरा गेलेला, पदरात एकच पोरगी, तानी. तिला ताप भरला आणि ती पाणी पाणी करायला लागली. येसा कळशी घेऊन भानजीच्या विहिरीवर गेली. भानजी म्हणाला, "आज तुला दिलं तर उद्या अख्खं गाव येईल," आणि तिला रिकामी परत पाठवली. शेवटी येसानं तिसऱ्या कुंडातलं पाणी फडक्यानं गाळलं आणि करवंटीनं तानीला पाजलं. आपल्या हातानं पाजलं हो! पोरगी पटकीनं गेली.

येसा रडली नाही असं सांगतात. मला नाही पटत, रडलीच असेल. पण पोरीला पुरून आल्यावर ती चारचौघांत म्हणाली, "मी माझ्या हातानं पाजलं. आता त्याची आई त्याला पाजेल."

आता ऐका तिनं काय केलं. पेरणीआधी देवीला कौल लावायची आमची रीत. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होकार, मगच शेतात बी पडायचं. कौल लावायचा मान गुरवाच्या घराचा. मृग लागला तशी येसा देवळाच्या उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "देवीचा घसा सुकलाय, ती बोलणार नाही." भानजीनं दम दिला. मग शेजारच्या गावचा गुरव बोलावला, तर तो वाटेतले तोडलेले बुंधे बघून तसाच माघारी फिरला, म्हणे. आभाळ भरून आलं आणि बी कणगीतच राहिलं. तेव्हा सगळं गाव भानजीच्या अंगणात जाऊन बसलं. इतके दिवस गप्प असलेल्या पंचांना आता बरी वाचा फुटली!

भानजीची आई आवडाई करवंटी घेऊन इथं उतरली. हिथंच, तुम्ही उभ्या आहात तिथं. तिनं पाणी घेतलं, तर वर काळा तवंग. ती येसाला म्हणाली, "येसा, मी पिते. त्याला सोड."

येसा म्हणाली, "तानीच्या वाट्याचं मीही प्याले असते, आवडाई. मला कुणी विचारलं नाही."

भानजी प्याला. त्याच दिवशी कौल लागला, उजवी पाकळी पडली, गावानं पेरलं. भानजी अंथरुणाला खिळला तेव्हा येसा रोज त्याच्या दारासमोर जाऊन बसायची. शिवी नाही, शाप नाही, नुसती बघत बसायची. काहीजण सांगतात तो वाचला आणि तोंड काळं करून गेला. मी तर मेला असंच सांगते.

गावाला वाटलं, सुटलो. पंचांनी पाटावर बसायला भानजीच्या धाकट्या भावाला, धाकूला बोलावलं. तर येसा पुन्हा उभी! म्हणाली, "माझं वैर या पाटाशी आहे. जो बसेल तो पिईल, आणि त्याची आईच पाजेल. मी मेले तरी."

आवडाईला उरलेला हा एकच मुलगा. ती तडक वर गेली आणि काठी घेऊन मक्तेदाराला भट्ट्यांसकट हाकलून आली. भट्टीवाल्यांना गावाच्या खालच्या अंगाला जागा दिली. पाट कैक वर्षं रिकामा ठेवला. उघड्या डोंगराला कुंपण घातलं, शेरडं शिरली तर मालकाच्या दारात जाऊन भांडायची, पंचांना हाताला धरून आणून कुंडांतला गाळ उपसून घ्यायची. नियम तोच जुना, पण आता तो राखणारीच्या पोटचा पोर त्यात अडकलेला होता. जेव्हा भर वैशाखात पहिलं कुंड वाहिलं आणि तिसऱ्याचा तळ दिसला, तेव्हा तिनं करवंटी भरली. धाकूला पाजलं.

मग तिनं येसाला विचारलं, "झालं समाधान?"

"नाही," येसा म्हणाली आणि घरी गेली.

आजही आमची पंचायत राईच्या वर घर बांधू देत नाही, बोअर मारू देत नाही, झऱ्यावर साबण चालत नाही. नियम फळ्यावर लिहिलेत, पण फळा कोण वाचतो? यंदा वरच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, रिसॉर्ट करायचं म्हणून गाडीतून माणसं येऊन गेली. सरपंच त्यांच्याबरोबर चहा प्याला, नकाशे बघितले, विचार करतो म्हणाला. हा सरपंच माझा मुलगा. मी काही भांडले नाही त्याच्याशी. जेवायला वाढताना एवढंच म्हटलं, "तुला सही करायची तर कर बाबा. मृगाला करवंटी माझ्या हातात आहे, आणि मी पाजणार."