नळोबाची शाल

त्या राज्यात माणसं आजारी पडत आणि उपकरणं त्यांच्याविषयी बोलत. दरवर्षी मोठी परिषद भरे. विषय ठरलेला: ‘माणूस केंद्रस्थानी’. तो विसरू नये म्हणून एक खराखुरा आजारी माणूस खाटेसकट मांडवाच्या मधोमध आणून ठेवत. नियम दोनच. आपला नंबर येण्याआधी जो जागेवरून उठेल, त्याचा नंबर गेला. आणि ज्याचं भाषण सरस ठरेल, त्याला शाल. तीही त्या आजाऱ्याच्याच हातून.

नळोबा पहिल्या रांगेत बसला होता. छातीला लावून ऐकायची जुनी नळी म्हणजे नळोबा. घराणं मोठं, पण हल्ली विचारतो कोण? तीन वर्षं शाल सूक्ष्मदर्शक भिंगरावाच्या खांद्यावर. आजही भिंगराव रक्ताच्या एका थेंबावर तासभर बोलला आणि अख्खा मांडव डोलला. नळोबाचा नुसता जळफळाट झाला. ‘‘थेंब पाहिला, आता माणूस कधी पाहणार म्हणावं!’’ तो पुटपुटला. खरं सांगायचं तर डोळा त्याचाही शालीवरच होता.

इतक्यात खाटेवरच्या उशीने हलकेच हाक मारली. ‘‘अहो नळोबा, यांचा श्वास अडकतोय हो. जरा येऊन ऐका ना. तुमच्याशिवाय कुणाला कळणार?’’

नळोबाने कान टवकारले. घरघर, मग काहीच नाही, मग पुन्हा घरघर. त्याला कळलं, अगदी पक्कं कळलं. पण शेजारी तापमापी टपून बसला होता. हा उठला की तो उभा राहणार. आणि तो पडला भिंगरावाचा मेहुणा!

‘‘उशीबाई, पुढचा नंबर माझाच आहे. तेवढं उरकतो आणि आलोच.’’

‘‘तेवढा दम नाही हो यांच्यात.’’

‘‘मग सांगा की भिंगरावाला! त्याला फार कळतं ना?’’

तेवढ्यात नळोबाचा नंबर पुकारला गेला.

नळोबा उभा राहिला आणि काय बोलला म्हणून सांगू! शरीर कुजबुजतं, म्हणाला, ऐकणाऱ्याने जवळ जायला हवं. वजनकाट्याला हुंदका आवरेना. भिंगरावाचं तोंड उतरलं, ते पाहून नळोबाला इतकं बरं वाटलं की तो आणखी पाव तास बोलला.

शाल त्यालाच जाहीर झाली. रिवाजाप्रमाणे ती आजाऱ्याच्या हातात ठेवली. नळोबा खाटेपाशी मान झुकवून उभा राहिला. टाळ्या वाजत राहिल्या, हात काही उठेना. मग टाळ्याही थांबल्या. मांडव इतका शांत झाला की श्वास असता तर कुणालाही ऐकू आला असता.

‘‘आता तुम्हीच घ्या ती,’’ उशी म्हणाली.

नळोबाने त्या गार बोटांमधून शाल सोडवली, उलगडली आणि पायांपासून वर ओढत चेहऱ्यापर्यंत नेली. शाल नेमकी पुरली. त्याचे खांदे उघडेच राहिलेले पाहून पहिल्या रांगेत भिंगरावाचं तोंड पुन्हा उजळलं.